आठ किलोंची रात्र

३० नोव्हेंबर, रविवार

आज पाच तासांत तीन रोहू, तिन्ही वीतभर. पट्टीवर मोजले आणि सोडून दिले. शिवा बाजूला बसून विडी ओढत होता. म्हणाला, "भाऊ, मोठा मासा दिवसाचा नाय यायचा. तो काळोख पडला की काठाला येतो. तुमी पाच वाजले की घरी पळताव, मग तुमाला पोरंटोरंच गावणार."

शिवाचं घर कोंडसरीच्या धरणाला लागून आहे. भात, नाचणी, थोडे काजू. मी भूमी अभिलेखातून रिटायर झाल्यावर मला मासे गरवायला, म्हणजे गळाने धरायला, त्यानेच शिकवलं. धरणाच्या मच्छी सोसायटीचा तो सभासद असल्याने परवानगीही त्यानेच काढून दिली. मी मासे खात नाही, धरतो आणि परत पाण्यात सोडतो, हे त्याला वर्षभर पटत नव्हतं. आता भाऊंचा नाद म्हणून सोडून देतो.

मांडवीत आमच्या शेजाऱ्यांना तर या विषयाची पर्वणीच. घरापासून पाच मिनिटांवर समुद्र, संध्याकाळी अर्धं गाव जेटीवर गरी टाकून बसतं, आणि हरिहरकाका अठ्ठावीस किलोमीटर स्कूटर हाणत धरणातले चिखलखाऊ मासे धरायला जातात! शेजारचा निलेश फाटकातच विचारतो, "काका, आज किती जणांना जीवदान?"

पण शिवाचं बोलणं डोक्यातून जात नाही. एक रात्र धरणावर काढून बघायला हवी. उमाला कसं सांगायचं, एवढाच प्रश्न आहे.

२ डिसेंबर

सांगितलं. "नाही" म्हणाली. भाजी निवडताना मान वर करूनही बघितलं नाही.

तिचं चुकतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी मला झोपेतच अटॅक आला. मला काही कळलंच नव्हतं. माझं घोरणं बदललं म्हणून उमाला जाग आली, तिने हलवून उठवलं, निलेशला हाक मारली, म्हणून ही वही आज लिहिली जाते आहे. दोन स्टेंट बसले. आता डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम आहे, डोंगर चढा, पोहा, काय वाटेल ते करा. पण उमा रात्री कान लावूनच असते. मी कूस बदलली की तिचा हात येतो. जरा शांत पडलो की हलवून बघते. "काही नाही, झोपा," म्हणते. आता हलवून जागं केलेला माणूस कसा झोपणार?

मी तिचा ऋणी आहे. पण खरं काय ते इथे तरी लिहावं. मला एक रात्र अशी हवी आहे की माझ्या श्वासावर कोणाचा पहारा नाही. मासा हे निमित्त आहे की नाही, मलाही नक्की सांगता येत नाही.

५ डिसेंबर

मनूने पुण्याहून फोन करून आईशी तासभर वाद घातला. पोरगी वकील व्हायची ती इंजिनिअर झाली. शेवटी परवानगी मिळाली, पण अटींवर. शिवाने हाकेच्या अंतरावर असायचं. रात्री दहाला आणि पहाटे पाचला मी फोन करायचा. अंधारात स्कूटर चालवायची नाही. आणि सामान आठ किलोंच्या वर न्यायचं नाही.

हे आठ किलो कुठून आले, तेही लिहून ठेवतो. हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, "भरलेली कळशी उचलू नका." आज उमाने आमची तांब्याची लहान कळशी काठोकाठ भरली, माझा मासे तोलायचा काटा दाराच्या आकड्याला अडकवला आणि त्याला कळशी टांगली. आठ किलो शंभर ग्रॅम. "वरचे शंभर सोडा," म्हणाली. डॉक्टरांनी ते बंधन कधीच काढलंय, हे सांगून उपयोग झाला नाही. काट्यावर तोललेली आजवरची सगळ्यात जड वस्तू ती कळशीच आहे.

९ डिसेंबर

चार दिवस इंग्रजांचे व्हिडिओ बघतोय. अजब लोक. एका कार्पसाठी तळ्याकाठी तीन-तीन दिवस मुक्काम, आणि सोबत खाट, खुर्ची, शेगडी, दोन किटल्या, कुत्रा. कार्प म्हणजे आपल्या धरणातला सायप्रिनस मासा. सगळं झाल्यावर तोही मासा सोडूनच देतात, हे बघून मात्र मला फार बरं वाटलं. जगात आपण एकटेच वेडे नाही.

त्यांच्या निवाऱ्याला बिव्ही म्हणतात. अर्ध्या नारळाच्या करवंटीसारखा आकार, पुढून उघडा, म्हणजे आत पडून गरीच्या काठ्या दिसतात आणि मासा लागला की एका उडीत बाहेर येता येतं. पण वजन सात-आठ किलो. म्हणजे बिव्ही न्यायची आणि गरी घरी ठेवायची! दुसरा प्रकार मोठ्या छत्रीचा, बाजूंना पडदे लावलेला. तोही पाचाच्या खाली नाही. तिसरं म्हणजे नुसतं कापड आणि ते ताणायला दोन दांड्या, सव्वा किलो. ते मला आवडलं. नोकरीत छत्तीस वर्षं मोजणीला गेलो तेव्हा शाळेच्या पडवीत, देवळात, जिथे जागा मिळेल तिथे पडलो. कापड म्हणजे त्यामानाने चैनच.

उमा पाठीमागून बघत होती. "खालून उघडं?" तिने विचारलं. "आणि फुरसं आत शिरून डसलं म्हणजे?"

यावर इंग्रजांकडे उत्तर नाही. त्यांच्याकडे फुरसं नाही.

१५ डिसेंबर

ठरलं. एका माणसाचा तंबू, तळ शिवलेला, पुढच्या बाजूला चेन लावायची जाळी, वरून वेगळं कापड. दोन किलो शंभर. चेन लावली की फुरसं बाहेर, मी आत, आणि जाळीतून काठ्यांची टोकं दिसतात. पण लांबीबद्दल विक्रेते साफ खोटं बोलतात. मी चार कंपन्यांचे आकडे तपासले. बाहेरची लांबी सांगतात, आतली नाही. माझी उंची एकशे एकाहत्तर, उशी धरून मला दोन मीटर आतून हवेत. आयुष्यभर लोकांचे बांध मोजले, आता स्वतःची झोपायची जागा मोजतोय.

उमाने आज आमटीत दोनदा मीठ घातलं. हल्ली तिचं लक्षच नसतं.

२१ डिसेंबर, रविवार

तंबू आला. काल रात्री अंगणात रंगीत तालीम केली. खुंट्या मातीत मस्त शिरल्या, अकरा मिनिटांत उभा राहिला. थंडी वाजेल म्हणून सगळ्या चेनी घट्ट लावून झोपलो.

उमा किती वेळा आली ते लिहितो. सव्वाअकरा, साडेबारा, दोन, सव्वातीन. दर वेळी टॉर्च कापडावर धरायची आणि विचारायची, "आहात ना?" आता अंगणात तंबूत पडलेला माणूस जाणार कुठे? चौथ्या वेळी मी चिडलो. म्हटलं, "उमा, धरणावर तू काय करणार आहेस?" तिने टॉर्च विझवला. पडवीत खुर्ची टाकून बसली. पहाटे बघतो तर तिथेच, शाल गुंडाळून, डोळे टक्क उघडे.

आणि तंबू आतून ओला! छतावरून टपटप पाणी, गोधडी भिजलेली. मी विक्रेत्याला तक्रार लिहायला बसलो, कापड गळतं म्हणून. उमाने येऊन आतून हात फिरवला. "गळत नाहीये. पातेल्यावर झाकण ठेवलं की पाणी सुटतंच. तुम्ही रात्रभर आत श्वास सोडताय, तो जाणार कुठे? वरची खिडकी उघडी ठेवा." तक्रार फाडली. ही बाई निवृत्तीपर्यंत बालवाडी शिकवत होती, तिला मोजणीखात्यात घ्यायला हवं होतं.

ओली गोधडी काट्यावर टांगली, तीन किलो भरली. कोरडी असताना अडीच. गोधडी बाद. मनूने स्लीपिंग बॅग पाठवते म्हणून कळवलंय, आठशे ग्रॅमची.

२९ डिसेंबर

एक मजा लिहायलाच हवी. उमा काल बहिणीकडे लांज्याला निघाली. एसटीत तिला अशी झोप लागली की लांजा कधी गेलं कळलंच नाही, थेट राजापूरला कंडक्टरने उठवलं. "बाई, शेवटचा स्टॉप." परत येणाऱ्या गाडीतही झोपली, पण या वेळी कंडक्टरला आधीच सांगून. घरी आल्यावर मी पोट धरून हसलो. ही बाई दिवसा कुठेही झोपते आणि रात्री मला झोपू देत नाही!

ती हसली नाही. थकली असेल प्रवासाने.

१ जानेवारी

माशाचं खाणं. इंग्रज पिठाच्या गोळ्या करून त्या उकडतात, म्हणजे पाण्यात लवकर विरघळत नाहीत आणि बारकी पोरं त्या कुरतडू शकत नाहीत. उमाने विचारलं, "म्हणजे उकडीचंच की! मग इतके दिवस कणकेचा लगदा काय लावत होतात?" पण त्यांच्या कृतीत अंडी आणि माशाची पूड. हे दोन्ही आमच्या स्वयंपाकघरात येणार नाही, हे तिने आधीच जाहीर केलं. मग तिची कृती अशी: नाचणी, शेंगदाण्याची पेंड, गूळ, भरडलेली बडीशेप, आणि बांधायला तांदळाची उकड. वास असा सुटला की निलेश कुंपणावरून विचारू लागला, आज काय विशेष.

तिला गोळ्या वळताना बघत बसलो. सगळ्या एका मापाच्या. मी कॅलिपर लावला, अठरा मिलिमीटर, फार तर अर्ध्याचा फरक. चाळिसाव्या गोळीला तिचा हात थांबला. बघतो तर हातात गोळी धरून डोळे मिटलेले. मी हाक मारली तशी दचकून म्हणाली, "झोपले नव्हते."

४ जानेवारी, रविवार

आज लाज वाटावी असं घडलं.

दिवसा धरणावर जागा नक्की करायला गेलो, तंबू घेऊन. शिवाच्या घरापासून दीडशे पावलं, पाण्यापासून बारा, समोर उथळ, वाऱ्याला पाठ. माझ्या मते आदर्श. पहिली खुंटी ठोकली, ती वाकली. दुसरी वाकली. तिसरी उडून पाण्यात गेली.

शिवा लांबून बघत होता. जवळ आला, पायाने गवत बाजूला केलं. खाली सलग कातळ. "भाऊ," तो म्हणाला, "तुमी आमच्या गावच्या मोजणीला आलेलाव तवा खुंट्या ठोकल्याव की रंगानं खुणा केल्याव?"

रंगाने. अर्थातच रंगाने. या जिल्ह्यात कलम लावायचं तरी कातळात सुरुंग लावून खड्डा करावा लागतो, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. छत्तीस वर्षं मी हाच कातळ तुडवला, आणि तंबू घेतला तो इंग्रजांच्या हिरवळीवरचा! शिवाने पडक्या बांधाचे चार चिरे आणले, दोऱ्या त्यांना बांधल्या, तंबू ताठ उभा राहिला. "खुंट्या घरी ठेवा. तेवढंच वजन कमी," म्हणाला. खुंट्या दोनशे ग्रॅम आहेत. घरी सगळं सांगितलं, खुंटी पाण्यात गेली तेवढं सोडून.

१३ जानेवारी

पहिलं वजन: तंबू, चटई, स्लीपिंग बॅग, दोन घडीच्या काठ्या, रिळं, जाळं, मासा ठेवायची ओली चटई, मासा ओढायला लागला की वाजणारी शिट्टी, घडीची खुर्ची, छोटी शेगडी, गोळ्या. सात किलो सहाशे. मी खूश.

मग उमाने तिचं सामान आणलं. औषधांचा डबा, कानटोपी, जाड स्वेटर, दशम्या, थर्मास, दुसरा टॉर्च. नऊ किलो दोनशे.

खुर्ची गेली, चिऱ्यावर बसेन. शेगडी गेली, थर्मास आहेच. तरी दीडशे ग्रॅम जास्त. मी कानटोपी काढली, तिने परत घातली. शेवटी मी दुसरी काठी काढली. सात किलो नऊशे. एका काठीने काय होईल ते होईल. सामान कमी करताना मला मजा वाटत होती, हे नवलच आहे. एका रात्रीसाठी माणसाला काय लागतं? फार थोडं लागतं, आणि त्यातलं निम्मं उमाला लागतं.

१६ जानेवारी

उद्याचा बेत रद्द. परवा अमावास्या. शिवा म्हणतो काळोख असेल तितकं चांगलं, उमा म्हणते अमावास्येच्या तोंडावर बाहेर नाही. मनू आता मध्ये पडायला तयार नाही. पुढला शनिवार ठरला, माघी गणपती झाल्यावर.

संध्याकाळी दूध उतू गेलं. उमा शेजारीच उभी होती.

२४ जानेवारी, शनिवार, धरणावर

सहा वीस. तंबू उभा. गोळी पाण्यात. शिवा चहा देऊन गेला. पलीकडच्या काठाला एक बगळा, माझ्यासारखाच एका पायावर आशेने उभा.

दहा दहा. इथे रेंज नाही, बंधाऱ्याच्या भिंतीवर चढून फोन केला. उमाने पहिल्याच घंटेला उचलला. छातीत काही नाही ना, कानटोपी घातली ना, गोळी घेतली ना. तिन्हीला हो. मला वाटलं ती आणखी काही बोलेल. "बरं, ठेवते," म्हणाली.

बारा. कोणी हलवलं नाही. कोणी हात लावला नाही. चंद्र मावळला. पाण्यात मोठं काहीतरी उसळलं, दोनदा. वरची खिडकी उघडी आहे, आतून कापड कोरडं. मी सुखी आहे, असं लिहायला हरकत नसावी. झोप मात्र येत नाही. इतकं शांत आहे.

२५ जानेवारी, रविवार

चार पन्नासला शिट्टी वाजली. बाहेर येईपर्यंत रिळावरची दोरी सरसर पळत होती. पंधरा मिनिटं त्याने मला काठावर नाचवलं. शिवा आवाज ऐकून धावत आला, जाळं त्याने धरलं. सायप्रिनस. मिशा, रुपयाएवढे सोनेरी खवले, तोंडाच्या कोपऱ्यात उमाची गोळी. चौऱ्याहत्तर सेंटिमीटर, सात किलो शंभर. मोजला, पुन्हा मोजला, चटईवर पाणी घालत राहिलो, मग हातांत धरून पाण्यात उभा राहिलो, तो सावकाश निघून जाईपर्यंत.

तेव्हा घड्याळ बघितलं. पाच चाळीस. फोन पाचला करायचा होता.

धावत बंधाऱ्यावर चढलो. धावू नये हे त्या वेळी आठवलं नाही. आता किती बोलणी बसणार म्हणून फोन बघतो, तर रेंज आल्यावरही तिच्या मिस्ड कॉलचा एकही मेसेज नाही. चाळीस मिनिटं उशीर, आणि उमाने एकदाही फोन केला नाही. हे होणं शक्यच नव्हतं. मी लावला. घंटा वाजून वाजून थांबली. सात वेळा लावला. निलेशचा बंद. मनू पुण्याला, तिला सांगून काय होणार.

शिवा माझं तोंड बघूनच म्हणाला, "तुमी निघा भाऊ. सामान मी बगतो." अजून अंधार होता. तशीच स्कूटर काढली. सबंध रस्ता मी एकच विचार करत होतो, की मला पहारा नको होता. देवाने ऐकलं की काय माझं.

माझ्या किल्लीने दार उघडलं. दिवा लागलेला नाही. झोपायच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि पाऊल पुढे टाकवेना.

मग आवाज आला. खर्रर्र, थांबून पुन्हा खर्रर्र. उमा घोरत होती. पलंगावर तिरकी, माझ्या जागेवर पाय, तोंड उघडं, एक हात खाली लोंबता. लग्नाला चौतीस वर्षं झाली, उमा घोरते हे मला माहीत नव्हतं. माहीत कसं असणार, ती झोपलेली असताना मी जागा होतो कधी? तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता.

तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. चहा करून घेतला, गोळ्या घेतल्या. पावणेनऊला तिला जाग आली.

"अहो, तुम्ही? किती वाजले?" मग एकदम उठून बसली. "पाचला फोन... अगं बाई!"

"असू दे," मी म्हटलं.

"दहाला तुमच्याशी बोलले आणि पडले," ती म्हणाली. "रोजच्यासारखा कान लावला. मग म्हटलं, अठ्ठावीस किलोमीटरवरून मला काय ऐकू येणार आहे? तिथे शिवा आहे. आणि मग एकदम मेल्यासारखी झोपले हो. दोन वर्षांत अशी झोपले नव्हते." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले, आणि ती माझी माफी मागायला लागली. माझी!

दोन वर्षं मी माझीच झोप मोजत बसलो. बाकी सगळं मोजलं, तिची झोप तेवढी राहिली.

तिने पदराने डोळे पुसले. काहीतरी विचारायचं होतं, पण विचारवत नव्हतं, असं मला दिसलं. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाली, "पुन्हा कधी जायचंय?"

"पुढच्या शनिवारी जाईन म्हणतो."

"जा," ती म्हणाली. "हवी तर दुसरी काठीही न्या." आणि पुन्हा आडवी झाली. माशाचं तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता साडेअकरा झालेत. ती अजून झोपलेली आहे. कुकर लावणार होतो, पण शिट्टीने उठेल, म्हणून तांदूळ पातेल्यात उघडेच टाकलेत. दोन वाट्यांना पाणी किती, मला माहीत नाही. उठवून विचारणार नाही.